अस्तराला अंदाज चालत नाही

पावसाळा संपून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत एक ठराविक भांडण सुरू होते. मे महिन्यात रंगवून नेलेली रिक्षा परत येते. दाराच्या खालच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढे फोड आलेले असतात. नखाने एक फोड खरवडला की रंगाचा पापुद्रा सुटतो आणि आतला पत्रा तांबूस दिसतो. रिक्षावाला म्हणतो, "भाई, तुम्ही हलका रंग मारला." पेंटर म्हणतो, "रंग चांगल्या कंपनीचा होता, डबा दाखवतो." दोघेही रंगावरून भांडतात. खरे पाहता रंगाचा काहीच दोष नसतो. दोष असतो त्याच्या खालच्या अस्तरात, म्हणजे प्रायमरमध्ये. आणि ते अस्तर कोणते होते व किती मापाने कालवले होते, हे त्या दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही.

आम्ही स्वतः हा धंदा केला आहे आणि असली भांडणे दोन्ही बाजूंनी ऐकली आहेत. म्हणून आज या पानावर अस्तराविषयी थोडे स्पष्ट लिहावे असे वाटले. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: अंदाजाने माल कालवण्याची पद्धत जुन्या रंगाला चालत होती, आजच्या दोन डब्यांच्या मालाला ती चालत नाही. ज्या गॅरेजात मापाचा कप नाही, त्या गॅरेजाने हार्डनरचा प्रायमर वापरूच नये. हे काही बांधवांना कडक वाटेल. परंतु त्याचे कारण आधी ऐकून घ्यावे.

उस्ताद चुकले नव्हते, माल बदलला

"आमच्या उस्तादांनी तीस वर्षे कधी कप हातात घेतला नाही. डब्यात काठी बुडवून धार पाहायचे आणि गन भरायचे. त्यांचे काम आजही टिकून आहे," असे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. हे उत्तर खोटे नाही. पण उस्ताद कोणता माल वापरत होते?

१९२३ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने 'ड्यूको' या नावाने मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला. आपल्याकडे तो इतका रुळला की कोणत्याही कंपनीचा असला तरी लोक त्याला 'ड्यूको' म्हणू लागले. गॅरेजवाले त्यालाच एनसी म्हणतात. हा रंग आणि त्याचा सरफेसर फक्त थिनर उडून जाण्याने सुकतो. त्यात कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही. थिनर थोडा जास्त पडला तर थर पातळ होईल, कमी पडला तर गनमधून दाणेदार उडेल, एवढेच. चूक लगेच डोळ्यांना दिसते आणि पुढच्या हातात सुधारता येते. सुकलेला एनसी रंगसुद्धा थिनरने पुन्हा विरघळतो. अशा मालाला उस्तादांचा डोळा आणि हात पुरेसा होता. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी अशाच अंदाजाने रंगल्या आणि चांगल्या रंगल्या.

टू-के म्हणजे दोन घटकांचा माल. याचा स्वभाव वेगळा आहे. पॉलियुरेथेनच्या रसायनाचा शोध जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये लावला. आजचा पीयू प्रायमर-सरफेसर त्याच घराण्यातला. इपॉक्सी प्रायमरही दोन घटकांचाच, मात्र त्याचे रसायन निराळे. यात प्रायमर आणि हार्डनर एकमेकांशी ठरावीक प्रमाणात जोडले जातात आणि त्यातून एक नवाच पदार्थ तयार होतो. प्रमाण चुकले तर जो घटक जास्त झाला तो न जोडलेला तसाच थरात राहतो. हार्डनर कमी पडला तर थर आतून मऊ राहतो आणि वरच्या रंगाचा थिनर त्याला उचलून सुरकुत्या पाडतो. हार्डनर जास्त झाला तर थर ठिसूळ होतो आणि उरलेला हार्डनर हवेतला ओलावा शोधत बसतो. वाईट गोष्ट अशी की गाडी गॅरेजातून बाहेर पडते त्या दिवशी या दोन्ही चुका दिसत नाहीत. चार-सहा महिन्यांनी दिसतात. तोपर्यंत पैसे घेऊन झालेले असतात आणि डबा भंगारात गेलेला असतो.

म्हणून आम्ही म्हणतो की उस्ताद चुकले नव्हते. त्यांची पद्धत त्यांच्या मालाला योग्य होती. आपण माल नवा घेतला आणि पद्धत जुनी ठेवली, ही चूक आपली आहे.

पत्रा पाहून अस्तर निवडावे

दुसरी चूक निवडीची. बऱ्याच गॅरेजांत एकच प्रायमर असतो आणि तो पत्रा, पुट्टी, जुना रंग, बंपर, सगळ्यावर मारला जातो. एका अस्तराने सगळी कामे होत नाहीत. अस्तराला तीन कामे असतात: पत्र्याला धरणे, ओलावा अडवणे आणि वरचा पृष्ठभाग सपाट करून देणे. कोणते काम हवे आहे हे खाली काय आहे त्यावर ठरते.

सर्वांत आधी, कंपनीचे मूळ अस्तर जिथे शाबूत असेल तिथे ते काढू नये. कारखान्यात गाडीचा सांगाडा फॉस्फेटच्या द्रावणात धुऊन प्रायमरच्या हौदात बुडवतात, विजेच्या प्रवाहाने अस्तर पत्र्यावर बसवतात आणि मग भट्टीत भाजतात. हा थर सुमारे २० मायक्रॉनचा असतो. एवढा पातळ असूनही सांध्याच्या आतल्या बाजूपर्यंत तो पोहोचलेला असतो. आपल्या गॅरेजात तसे अस्तर कोणत्याही किमतीत पुन्हा बसवता येणार नाही. तरीही काही कारागीर "काम साफ दिसावे" म्हणून ग्राइंडर लावून अख्खे दार उघडे करतात. ग्राहकही त्याला जास्त मेहनत समजून खूश होतो. आमच्या मते ही मेहनत नुकसानीची आहे. जिथे गंज आहे किंवा ठोकाठोकी झाली आहे, तेवढाच पत्रा उघडा करावा. बाकी जागेवर चमक घालवण्यापुरता पेपर मारावा.

उघड्या लोखंडी पत्र्याला इपॉक्सी प्रायमर उत्तम. तो पत्र्याला घट्ट धरतो आणि ओलाव्याला चांगला अडवतो. उन्हात मात्र त्याची पांढरी भुकटी होते, म्हणून वरून रंग न देता गाडी उघड्यावर ठेवू नये. दुसरा मार्ग एच प्रायमरचा. यात फॉस्फोरिक आम्ल असते व ते पत्र्याला किंचित खाऊन पकड घेते. याचा थर फार पातळ, साधारण दहा मायक्रॉनच्या आसपासच हवा. त्याच्यावर थेट पॉलिस्टर पुट्टी भरू नये, आणि कंपनीच्या पत्रकात स्पष्ट परवानगी नसेल तर त्याच्यावर इपॉक्सीही मारू नये. कारण खालचे आम्ल वरच्या मालाला नीट घट्ट होऊ देत नाही. एच किंवा इपॉक्सी, दोन्हीपैकी एक निवडावे. "दोन्ही मारले म्हणजे डबल मजबुती" हा हिशेब येथे चालत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आता बऱ्याच गाड्यांत येतो. त्याच्यावर साधा तेली, म्हणजे अल्किड जातीचा प्रायमर मारला तर जस्ताशी त्याची क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि काही दिवसांनी रंग चादरीसारखा निघतो. तेथे इपॉक्सीच वापरावा. ॲल्युमिनियमलाही इपॉक्सी किंवा एच लागतो.

रेड ऑक्साइडविषयी थोडे सविस्तर सांगणे जरूर आहे, कारण आपल्याकडे त्याच्यावर फार भरवसा आहे. "रेड ऑक्साइड गंज खातो" असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तो गंज खात नाही. त्यातला तांबडा रंग हाच मुळी लोहाचा ऑक्साइड आहे, आणि तो रसायन म्हणून गप्प बसणारा पदार्थ आहे. पूर्वी पूल आणि जहाजे यांना शिशाचा शेंदूर असलेले अस्तर देत. तो शेंदूर खरोखरच गंजाला आवर घालत असे, पण शिसे विषारी. ते अस्तर मागे पडले, त्याच्याशी मिळताजुळता तांबडा डबा बाजारात राहिला आणि शेंदराची कीर्ती त्याला मिळाली. लोखंडी गेट, खिडकीचे गज किंवा ट्रकची चेसिस यांच्यासाठी, वरून तेली रंगच द्यायचा असेल, तर रेड ऑक्साइड ठीक आहे. परंतु मोटारीच्या दारावर तो मारून वर टू-के रंग दिला तर त्या रंगाचा थिनर खालच्या तेली थराला फुगवतो आणि सुरकुत्या येतात. गंज कोणत्याही अस्तराने मरत नाही. तो घासून चकाकता पत्रा येईपर्यंत काढावा लागतो.

जुन्या रंगावर काम करताना एक सोपी परीक्षा करावी. फडक्यावर थिनर घेऊन कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून घासावे. रंग फडक्यावर उतरला किंवा मऊ पडला तर खाली एनसी किंवा तसाच हलका माल आहे. तो काढून टाकावा, त्याच्यावर टू-केचा इमला चढवू नये. रंग जसाच्या तसा राहिला तर घासून पुढचे काम करता येते.

प्लॅस्टिकच्या बंपरची गोष्ट आणखी निराळी. बंपरच्या आतल्या बाजूला तो कशाचा बनला आहे त्याची अक्षरे उठवलेली असतात. तेथे 'पीपी' असे दिसले तर त्याला आधी प्लॅस्टिकसाठीच्या खास प्रायमरचा पातळ हात द्यावा लागतो. नाही तर प्रेशरच्या पाण्याने पहिल्याच धुण्यात रंग सोलून निघतो.

कालवताना

आता मापाकडे येऊ. पीयू सरफेसरच्या पत्रकात बहुधा ४:१ किंवा ५:१ असे प्रमाण आणि त्याशिवाय थिनर किती ते दिलेले असते. प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे असते आणि एकाचा हार्डनर दुसऱ्याच्या प्रायमरला चालेलच असे नाही. एका दारासाठी ४:१:१ या प्रमाणात १२० मिलिलिटर प्रायमर, ३० मिलिलिटर हार्डनर आणि ३० मिलिलिटर थिनर घेतला तर १८० मिलिलिटर तयार माल होतो. हे माप रेघा असलेल्या पारदर्शक प्लॅस्टिक कपाने मिनिटभरात घेता येते.

येथे एक घोटाळा हमखास होतो. डब्यावरचे प्रमाण आकारमानाचे असते आणि कारागीर ते वजनाच्या काट्यावर घेतो. प्रायमरमध्ये भुकटी भरलेली असल्याने तो जड असतो. एक लिटर सरफेसर साधारण दीड किलो भरतो. हार्डनर एक लिटरला एक किलोच्या आसपास. आता ४:१ म्हणून ४०० ग्रॅम प्रायमर आणि १०० ग्रॅम हार्डनर घेतला तर काय होईल? ४०० ग्रॅम प्रायमर म्हणजे सुमारे २६७ मिलिलिटर. त्याला हार्डनर हवा सुमारे ६७ मिलिलिटर. आपण टाकला १००. म्हणजे दीडपट! काटा वापरणारा माणूस काळजीपूर्वक काम करणारा असतो, तरी तो फसतो. काट्यावरच काम करायचे असेल तर कंपनीकडून वजनाचे प्रमाण वेगळे मागून घ्यावे.

थिनरमध्ये पैसे वाचवण्याचा मोह मोठा असतो. एनसी थिनर स्वस्त, म्हणून तोच पीयू प्रायमरमध्ये घातला जातो. एनसी थिनरमध्ये अल्कोहोल जातीची द्रव्ये असतात, आणि हलक्या मालात पाण्याचाही अंश असतो. पीयूचा हार्डनर या दोघांशीही जोडला जातो. म्हणजे प्रायमरसाठी मोजून टाकलेला हार्डनर थिनरच खाऊन टाकतो. माप बरोबर असूनही थर कच्चा राहतो आणि कारागीर म्हणतो, "माप करूनही काही उपयोग होत नाही." उपयोग होतो, पण थिनर त्याच मालाचा हवा. आठ-दहा कामांत वाचवलेले थिनरचे पैसे एका परत आलेल्या गाडीत निघून जातात.

डबा उघडल्यावर आधी तळापासून नीट ढवळावा. भुकटी खाली बसलेली असते. वरचा पातळ माल ओतून घेतला तर पहिल्या गाडीला एक अस्तर आणि शेवटच्या गाडीला दुसरेच अस्तर मिळते. सगळे कालवून झाल्यावर जाळीतून गाळावे. इपॉक्सीच्या काही मालाला कालवल्यावर काही वेळ तसेच ठेवून मग मारायचे असते. तो वेळ पत्रकात लिहिलेला असतो, तो पाळावा.

कालवलेल्या मालाचे आयुष्य किती, हाही प्रश्न महत्त्वाचा. पत्रकातला वेळ बहुतेक २० ते २५ अंश तापमानाचा असतो. तापमान १० अंशांनी वाढले की तो वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ४० अंशांच्या वर तापमान जाते. तेथे तासाभराचा माल पंधरा-वीस मिनिटांतच जाड होऊ लागतो. मग कारागीर त्यात आणखी थिनर ओततो. माल पातळ दिसू लागतो, पण क्रिया अर्धी होऊन गेलेली असते. असा माल फेकून द्यावा. त्यापेक्षा थोडा-थोडाच कालवावा.

उलट कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचा त्रास. पीयूच्या हार्डनरला पाणी मिळाले की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि थरात बारीक फुगे व टाचणीची छिद्रे पडतात. आमच्याच हातून एकदा हे झाले आहे. जुलैचे दिवस होते. हार्डनरच्या डब्याचे झाकण दोन दिवस नीट लावलेले नव्हते. हार्डनर किंचित ढगाळ दिसत होता. नवीन डबा आणायला पावसात कोण जाणार, म्हणून तोच वापरला. बॉनेटवर इतकी छिद्रे पडली की सगळे काम पत्र्यापर्यंत घासून पुन्हा करावे लागले. टॅक्सी चार दिवस उभी राहिली आणि त्या चार दिवसांची त्या माणसाची कमाई बुडाली. त्याने आम्हाला काही म्हटले नाही. पण तो पुन्हा आमच्याकडे आला नाही. हार्डनर ढगाळ झाला असेल किंवा त्यात जेलीसारखी गाठ आली असेल, तर तो डबा संपला असे समजावे.

समुद्रकाठच्या गाड्यांना आणखी एक पथ्य आहे. पेपर मारण्याआधी गाडी गोड्या पाण्याने चांगली धुवावी. पत्र्यावर मिठाचा अंश राहिला आणि त्यावर अस्तर चढले, तर ते मीठ ओलावा आत ओढत राहते आणि फोड येतात. पुसण्यासाठी रॉकेल वापरू नये. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि अस्तरावर डोळे पडतात.

पुट्टी आणि पाणी

आपल्या गॅरेजांतली सर्वांत खोल रुजलेली सवय म्हणजे पुट्टीवर वॉटर पेपर मारणे. धूळ उडत नाही, हात हलका चालतो, म्हणून हे सोयीचे वाटते. पण पॉलिस्टर पुट्टी ही सच्छिद्र असते. ती पाणी पिते. वरून उन्हात सुकलेली दिसली तरी आत पाणी राहते आणि पत्र्यापर्यंत जाते. त्यावर अस्तर आणि रंग चढवला की ते पाणी कोंडले जाते. मे महिन्यातल्या त्या रिक्षाच्या फोडांचे कारण पुष्कळदा हेच असते. पुट्टी कोरडीच घासावी; पाण्याचा पेपर मारायचाच असेल तर तो वरचा सरफेसर पक्का सुकल्यावर त्यावर मारावा. कोरड्या धुळीसाठी मास्क लावावा.

पुट्टीचा हार्डनरही अंदाजाने मळला जातो. त्याचे प्रमाण साधारण वजनाच्या दोन टक्के असते. पासिंगची घाई असली की "लवकर पकडेल" म्हणून दुप्पट घालतात. जास्तीचे पेरॉक्साइड वरच्या रंगात चढते आणि काही दिवसांनी पुट्टीच्या आकाराचा डाग उमटतो.

सीलर कशासाठी

सीलर हा शब्द दोन वस्तूंना वापरतात. पत्र्याच्या सांध्यात नळीतून भरतात तो वेगळा. आम्ही बोलतो आहोत तो रंगाच्या आधीच्या शेवटच्या पातळ हाताबद्दल. सरफेसर घासून झाल्यावर पृष्ठभागावर कुठे जुना रंग, कुठे सरफेसर, कुठे पुट्टीची कड अशी ठिगळे असतात. प्रत्येक जागा वरच्या रंगाचा थिनर कमी-जास्त पिते. काही आठवड्यांनी उन्हात तिरपे पाहिले तर नकाशासारख्या रेघा दिसतात. सीलर ही सगळी जागा एकसारखी करतो. तो घासायचा नसतो; एक हात मारून, पत्रकातला वेळ थांबून त्यावर थेट रंग द्यायचा असतो. तो वेळ टळून गेला तर मात्र हलका पेपर मारावा लागतो.

बऱ्याच कंपन्यांचा सरफेसरच जास्त थिनर घालून सीलर म्हणून चालतो, पण त्याची परवानगी पत्रकात हवी. नुसता थिनर वाढवला म्हणजे सीलर झाला असे नाही. सीलरची छटाही पाहावी. पिवळा आणि लाल रंग कमी झाकतात; त्यांच्याखाली गडद राखाडी सीलर मारला तर दोन हातांचे काम चार हातांवर जाते आणि सीलरचे पैसे वाचले तरी रंगाचे दुप्पट जातात. सगळीकडे सारखाच नीट घासलेला जुना रंग असेल आणि तोच रंग पुन्हा द्यायचा असेल, तर पुष्कळदा सीलरची गरजही नसते. तेथे ग्राहकाच्या माथी तो मारू नये. आणि सीलर हे गंजावरचे औषध नाही. घासताना कुठे पत्रा उघडा पडला असेल तर तेवढ्या जागी आधी प्रायमर द्यावा, मगच सीलर.

छातीचा हिशेब

आतापर्यंत गाडीबद्दल लिहिले. आता गन धरणाऱ्याबद्दल. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मध्ये जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट होता. हार्डनरमधले रसायन तो वायू नव्हे, हे नीट समजून घ्यावे. पण घराणे तेच आहे. त्याची फवारणी श्वासात गेली की काहींना दमा जडतो. एकदा शरीराने ते ओळखले की पुढे अगदी थोडा वास नसलेला अंशही रात्री छाती दाबतो. त्यानंतर त्या माणसाला हा धंदाच सोडावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये पेंटरच्या कामाला, आणि १९९० मध्ये काही जुन्या प्रायमरमध्ये असणाऱ्या क्रोमेट जातीच्या संयुगांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. आपल्या देशात रंगातील शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत, पण ते घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहेत. गाड्यांच्या मालाला ते लागू नाहीत. म्हणून डब्यावर काय लिहिले आहे ते वाचूनच माल घ्यावा.

नाकाला रुमाल बांधून या फवारणीपासून काहीही बचाव होत नाही. कोळशाच्या डब्यांचा मास्क ही किमान गोष्ट, आणि ते डबे वेळेवर बदलावे लागतात. बाहेरची स्वच्छ हवा नळीने देणारा मास्क हाच खरा उपाय. आपल्या अनेक कारागिरांना दाढी आहे. रबरी मास्क दाढीवर घट्ट बसत नाही आणि बाजूने फवारा आत येतो. त्यांच्यासाठी डोक्यावरून घालायचा, हवा पुरवणारा हुड मिळतो. तो महाग वाटेल, पण दम्याच्या औषधांचे पैसे आयुष्यभर द्यावे लागतात. आणि ज्या वेळी गन चालू असेल त्या वेळी चहा घेऊन येणाऱ्या पोराला आत येऊ देऊ नये.

बिलात लिहा

आता मुद्दा पैशांचा. "ग्राहक पैसे देत नाही, मग इपॉक्सी कुठून मारू?" हा प्रश्न खरा आहे. परवा पासिंग आहे आणि खिशात मोजके पैसे आहेत, असा रिक्षावाला समोर उभा असतो. त्याला नाही म्हटले तर तो पलीकडच्या गॅरेजात जातो. आम्ही त्याला नाही म्हणा असे सांगत नाही. त्याला दोन दर सांगा आणि कागदावर लिहून द्या. एका दरात एनसी सरफेसर आणि साधा रंग: पासिंग होईल, पुढच्या पावसाळ्याची हमी नाही. दुसऱ्या दरात इपॉक्सी, पीयू सरफेसर, गरज असेल तेथे सीलर आणि टू-के रंग: इतक्या महिन्यांची हमी. स्वस्त काम करणे यात लबाडी नाही. स्वस्त काम करून महाग कामाचा भाव लावणे आणि खालचा थर कोणाला दिसत नाही याचा फायदा घेणे, ही लबाडी आहे.

बिलात "पेंटिंग" असा एकच शब्द लिहून मोठी रक्कम टाकण्याची पद्धत बंद व्हावी असे आम्हाला वाटते. अस्तर कोणते, हात किती, तारीख काय, हे चार ओळींत लिहिता येते. अशा बिलामुळे ग्राहकाला आपले पैसे कुठे गेले ते कळते, आणि उद्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार झालीच तर प्रामाणिक कारागिराच्या हातातही कागद राहतो. कंपन्यांच्या मोठ्या वर्कशॉपांनी ग्राहक खेचले ते केवळ भट्टीच्या जोरावर नव्हे. तेथे काय केले ते लिहून मिळते. आपल्या कारागिराचा हात त्यांच्यापेक्षा कमी नाही, पण लिहून देण्याची सवय त्याला नाही.

रंग विकणाऱ्या कंपन्यांकडेही आमची एक मागणी आहे. मालाचे पत्रक बहुधा इंग्रजीत आणि डोळ्यांना ताण देणाऱ्या बारीक अक्षरांत असते. ज्याच्या हातात गन आहे त्याला ते वाचता येत नाही, मग प्रमाण त्याने कोणाला विचारायचे? महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या डब्यावर प्रमाण, कालवल्यावरचा वेळ आणि धोक्याची सूचना मराठीत ठळक छापावी. डीलरांनी तोवर निदान आपल्या दुकानात तो तक्ता मराठीत लावावा. हे काम एका दुपारचे आहे.

शेवटी उस्तादांना एक विनंती. तुमच्या हाताखाली जो पोरगा घासण्याचे काम करतो, त्याला फक्त "एवढा टाक" असे सांगू नका. का टाकायचा तेही सांगा. आयटीआयमध्ये गाड्यांच्या बॉडी पेंटिंगचा स्वतंत्र ट्रेड आहे. ज्याची शिकण्याची तयारी आहे त्याला तिकडे पाठवा. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या गाड्यांबरोबर अंदाजाचे दिवसही गेले. तुमचा हात आणि डोळा त्या पोराला तुमच्याकडूनच मिळणार आहे. त्याच्या जोडीला रेघांचा एक कप आणि एक चांगला मास्क एवढे द्या. पुढच्या ऑक्टोबरात ती रिक्षा परत आलीच, तर ती दुसऱ्या रिक्षावाल्याला सोबत घेऊन येईल.